बॉयलरघराच्या विटा

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की गावातले पुरुष जंगलातल्या आपापल्या कॅम्पवर, लाकडी खोपटांत, जातात आणि मागे राहिलेल्या बायका रंगाचे डबे काढतात. पुरुष परततात तेव्हा पिवळं स्वयंपाकघर हिरवं झालेलं असतं, न्हाणीघराच्या भिंतीवर फुलं उगवलेली असतात. ज्याला हरीण मिळालंय तो त्या आनंदात कुरकुर करत नाही, आणि ज्याला मिळालं नाही त्याला कुरकुर करायला तोंड नसतं. अमेरिकेच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात अर्धीअधिक रंगरंगोटी अशी नवऱ्यांच्या पाठीमागेच झालेली आहे.

१९८४ सालच्या नोव्हेंबरात सायमी कोस्केलानंही डबा काढला. पण तिचा डबा स्वयंपाकघरासाठी नव्हता. बैठकीच्या खोलीत, विटांच्या फायरप्लेससमोर जुनी वर्तमानपत्रं अंथरून, डब्याचं झाकण उघडून ती गुडघ्यांवर बसली होती. ब्रश कोरडाच होता. डब्यातल्या पांढऱ्याशुभ्र रंगाकडे ती नुसती बघत होती.

भिंतीला दिलेला रंग खरवडता येतो, लाकडाचा घासता येतो. विटेचं तसं नाही. वीट रंग पिऊन टाकते आणि एकदा प्यायली की परत देत नाही. म्हणजे एक हात मारला की संपलं, आणि बुधवारी रेनो परतणार होता.

रेनो म्हणजे तिचा नवरा. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तो फक्त बोलणं बंद करायचा. एकदा सायमीनं त्याच्या वडिलांचा जुना कोट चर्चच्या विक्रीत देऊन टाकला, तेव्हा एप्रिलात, ईस्टरला मिटलेलं त्याचं तोंड ऑगस्टात ब्लूबेरी पिकेपर्यंत उघडलं नव्हतं. ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. त्या दिवसांत भांडं खाली ठेवतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून सायमी जपायची.

आणि ही फायरप्लेस म्हणजे काही जुना कोट नव्हता. तांब्याची खाण बंद पडल्यावर खाणीचं बॉयलरघर पाडलं, त्याच्या विटांचा डोंगर कितीतरी हिवाळे उघड्यावर पडून होता. दर वर्षी त्यावर पुरुषभर बर्फ चढायचा आणि दर वसंतात वितळायचा. मग कंपनीनं, ज्याला हव्यात त्यानं न्या, असं सांगितलं आणि सगळं गाव तुटून पडलं. ज्या विटांनी पन्नास वर्षं बॉयलरची आग सोसली, त्यांना घरातली लाकडं काय करणार, असं जो तो म्हणायचा. रेनोचे वडील त्याच बॉयलरघरात कोळसा ओढायचे, तिथेच छाती धरून पडले. रेनोनं एक अख्खा उन्हाळा बसून एकेका विटेवरचा जुना चुना खरवडला आणि खालच्या खोलीपासून छपरापर्यंत धुराडं चढवलं. धुराड्याच्या आत भाजलेल्या मातीची नळी बसवतात, म्हणजे वीट फुटली तरी धूर घरात येत नाही. रेनो म्हणाला, "या विटांना कसली नळी?"

आता हे सगळं माहीत असताना सायमी ब्रश घेऊन का बसली होती? तिला घर मासिकातल्यासारखं करायचं होतं असं पुढे तिच्या नणंदेला वाटलं. खरं कारण सायमीनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मार्च महिन्यात, संध्याकाळची जेवणं चालू असताना धुराड्यात एकदम घरघर सुरू झाली. आधी वाटलं वारा आहे. मग ताटं थरथरायला लागली. आत साठलेल्या काजळीनं पेट घेतला होता. रेनोनं मूठमूठ मीठ आगीत फेकलं, हवेची झडप लावली, आणि थोड्या वेळानं ती घरघर थांबली. सायमी अंगणात बर्फात उभी होती. धुराड्याच्या तोंडातून ठिणग्यांचा झोत उडताना तिनं पाहिला होता. रेनो दारात आला आणि हात झटकत म्हणाला, "चला, फुकटात साफ झालं. आता वर्षभर बघायला नको."

त्यानंतर माडीवरच्या खोलीत वास यायला लागला. धुराडं त्या खोलीच्या भिंतीतून वर जातं. सायमीचं शिवणाचं मशीन तिथेच होतं. खाली आग असली आणि ती तिथे तासभर शिवत बसली की डोकं ठणकायला लागायचं. अंगणात गेलं की उतरायचं. रेनो म्हणाला, तुझं नाक. डॉक्टर म्हणाले, तुमचं वय. डेट्रॉइटला असलेल्या मुलाला, डेलला, तिनं फोनवर चाचरत सांगून पाहिलं, तर तो हसला, "आई, तू आता धुराड्याशीही भांडायला लागलीस का?"

आणि त्याच बुधवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी डेल, त्याची बायको डीना आणि पाच महिन्यांची मार्नी येणार होती. कॅम्पवर जायच्या आधी रेनोनं स्वतः मशीन हलवलं आणि माळ्यावरचा पाळणा काढून, पुसून, विटांना अगदी चिकटवून ठेवला. "घरातली सगळ्यांत उबेची जागा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की सायमीला तोंडच उघडता आलं नाही.

स्टोव्ह पेटवून झोपलेली आणि धुरातल्या विषारी वायूमुळे सकाळी न उठलेली माणसं तिथल्या प्रत्येकाला माहीत असतात. दर मोसमात एखाद्या कॅम्पवर असं होतंच. रेनोसुद्धा कॅम्पवर खिडकी बोटभर उघडी ठेवूनच झोपायचा. घरी मात्र नाही, कारण कॅम्पचा स्टोव्ह दुसऱ्या कुणीतरी बसवला होता.

धुराडं तपासणारा माणूस रेनोचाच शिकारीतला सोबती. तोही जंगलात होता, आणि गावात असता तरी रेनोला विचारल्याशिवाय शिडी लावणारा नव्हता. म्हणून सायमीनं हा मार्ग काढला होता. काळपट लाल विटांवर काजळी दिसत नाही, भेग दिसत नाही. पांढऱ्यावर सगळं दिसेल. धूर कुठून येत असेल तर तो स्वतःच सही करून जाईल, मग तिच्या नाकावर कुणी विश्वास ठेवायची गरज नाही.

तिनं ब्रश उचलला, डब्यापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला.

"अगं बया, हे काय मांडलंयस?"

मागच्या दारानं इम्पी आली होती, रेनोची धाकटी बहीण. काखेत वेलदोड्याचा पाव, टोपीवर बर्फ. दार वाजवायची पद्धत तिच्यात नव्हती. तिचा नवरा रेनोबरोबरच कॅम्पवर गेला होता आणि घरात एकटीला करमत नाही म्हणून ती रोज येऊन सायमीची कॉफी संपवायची.

"रंग देतेय," सायमी म्हणाली.

"ते दिसतंय. कशाला? भावाला माझ्या फेफरं आणायचंय?"

"अजून दिला नाही."

"देऊ पण नकोस. स्वयंपाकघर रंगव, कपाट रंगव, हवं तर कुत्रा रंगव. याला हात लावू नकोस." इम्पीनं पाव टेबलावर ठेवला, कोट काढला, खुर्ची ओढली. "मासिकात बघितलंस ना कुठेतरी? त्या बायकांकडे पांढरी फायरप्लेस असते, पांढरा गालिचा असतो, आणि नवरा अजिबात नसतो, बघ नीट."

सायमीला हसू आलं आणि हसताहसताच तिचे डोळे भरले. ती उठली, डबा उचलला आणि जिना चढायला लागली.

"आता कुठे निघालीस?"

"वरच्या खोलीत. तिथून सुरुवात करते."

इम्पी पाठोपाठ वर आली. "वर कोण बघणार आहे? दागिना घालून कुणी कोटाखाली झाकतं का?" मग तिची नजर पाळण्यावर गेली, पाळण्यावरून सायमीवर आली. इम्पी बडबडी होती, बावळट नव्हती. "सायमे, काय आहे? खरं सांग."

मग सायमीनं सांगितलं. वास, डोकेदुखी, मार्चमधली ती घरघर, पाळणा. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की इम्पीला वाकून ऐकावं लागलं. एकदा बोलायला लागल्यावर मात्र ती थांबली नाही. "मला भीती वाटते गं. रोज वाटते. त्या पोरीला इथे झोपवतील आणि सकाळी..."

"गप!" इम्पी ओरडली. "तोंडाला येईल ते बोलू नकोस. आमच्या बाबानं जन्म घालवला या विटांपुढे. पन्नास वर्षं भट्टीत होत्या त्या! माझ्या घरात याच आहेत. शेजारच्या माकिनेनकडे याच आहेत. अर्ध्या गावाकडे याच आहेत. आम्ही सगळे मेलोय का?"

"इम्पी, मी बाबांना काही म्हणत नाहीये."

"म्हणतेच आहेस की! तुला ही फायरप्लेस पहिल्यापासून डोळ्यांत खुपते. सरळ सांग ना तसं. लेकराला कशाला मध्ये घालतेस?"

ती तरातरा खाली गेली, कोट चढवला, आणि जाताना टेबलावरचा वेलदोड्याचा पाव परत काखेत मारून गेली. दार असं आपटलं की छपरावरचा बर्फ घसरला.

सायमी पाळण्याची कड धरून उभी राहिली. आता इम्पीही तुटली. रेनोला हे बहिणीकडूनच आधी कळणार. रंग न देताच सगळं होऊन बसलं होतं, मग द्यायला काय हरकत आहे, असं तिच्या मनात आलं. तिनं ब्रश बुडवला आणि पाळण्याच्या उशाला जी वीट होती तिच्यावर पहिला हात मारला.

वीट खरोखरच रंग प्यायली. दुसरा हात लागला, तिसरा लागला. दुपारपर्यंत वरची भिंत पांढरी झाली. मग तिनं खालचीही रंगवली. तसं कारण नव्हतं, पण अर्धवट गुन्हा करण्यात काय अर्थ? संध्याकाळी ती मागे सरकून बघायला लागली तेव्हा खोली दुप्पट मोठी दिसत होती. छान दिसत होती. ते छान दिसणंच तिला सहन होईना. रेनोला वाटणार, एवढ्यासाठीच.

रंग चांगला वाळल्यावर तिनं आग लावली, अगदी रेनो लावतो तशी, भूर्जाची जाड लाकडं रचून, आणि रात्री लावतात तशी झडप अर्धी ओढली. मग स्वेटर, मफलर घालून वरच्या खोलीत जाऊन बसली. खिडकी तिनं उघडी ठेवली होती. समोर पांढरी भिंत आणि रिकामा पाळणा. ती नुसती बघत राहिली. डोळ्यांना पाणी यायला लागलं की धूर आला असं वाटायचं, पुसलं की काही नसायचं.

त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंत दुधासारखी स्वच्छ. सोमवारी संध्याकाळी सायमीला कळून चुकलं की आपण मोठी चूक केली. वास तिच्या नाकातच होता, डोकं वयामुळेच दुखत होतं, आणि नवऱ्यानं बापाच्या आठवणीत बांधलेली एकुलती एक गोष्ट तिनं कायमची नासवली होती. बाळ सुरक्षित आहे याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण त्याच्या मागोमाग बुधवार येऊन उभा राहिला. रेनो दारात उभा राहील, बघेल, बूट काढील, आणि मग ब्लूबेरी पिकेपर्यंत, कदाचित त्याच्यापुढच्या ब्लूबेरी पिकेपर्यंत, या घरात कुणी बोलणार नाही.

मंगळवारी सरोवरावरून वारा सुटला. ढग इतके खाली आले की धुराड्यांचा धूर वर न जाता छपरांवरच लोळत होता, धुराड्यांत मागे ढकलला जात होता. तिनं सवयीनं आग लावली, सवयीनंच दुपारी वर गेली, पाळण्यातली चादर बदलायला.

भिंतीवर केस चिकटला होता. पाळण्याच्या उशाच्या जरा वर, दोन विटांच्या सांध्यात, राखाडी, नखाएवढा. ब्रशाचा केस राहिला असेल म्हणून तिनं तो नखानं उचलायला पाहिला. तो उचलला गेला नाही. तिचं नख मात्र काळं झालं.

तिनं तोंड भिंतीजवळ नेलं. गालाला उबदार, अगदी बारीक फुंकर लागली, कुणी झोपेत श्वास सोडावा तशी.

सायमी किंचाळली नाही. ती जिना उतरली, चिमट्यानं लाकडं पसरवली, राखेनं आग दडपली आणि स्वयंपाकघरात तेलाच्या स्टोव्हपाशी येऊन बसली. खरं होतं तर. तिची शिवणाची खुर्ची सबंध वसंतभर, पानगळभर त्या फटीपासून हातभर अंतरावर होती.

डेल आणि डीना तोवर निघाले होते. वाटेत डीनाच्या माहेरी मुक्काम होता. सायमीनं तिथे फोन लावला. डीनाच्या आईनं उचलला, मागे हसण्याचे आवाज, बाळाचं कुरकुरणं. "अय्या, सायमी! पोरं आत्ताच पोचली. बोलावू का डेलला?"

"नको," सायमी म्हणाली. परक्या घरात, हसत्या माणसांत, काय सांगायचं? धुराड्याचं? डेल पुन्हा हसला असता. "नको. सावकाश या म्हणावं."

फोन ठेवल्यावर तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरंच मारून घेतली.

बुधवारी रेनो दुपारच्या आधीच आला. ट्रकच्या मागे मोठ्या शिंगांचं हरीण होतं आणि तो शीळ घालत होता. दार उघडून आत आला आणि शीळ थांबली. त्यानं फायरप्लेसकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाकावर बसून बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले, आणि सायमीकडे न बघता जाऊन राख बाजूला सारून लाकडं रचायला लागला.

"रेनो, आग नको लावूस," ती म्हणाली.

त्यानं काडी ओढली.

"रेनो, आधी वर चल. एक गोष्ट बघ. मग काय करायचं ते कर माझं."

लाकडांनी पेट घेईपर्यंत तो हलला नाही. मग उठला आणि तिच्यामागून वर आला. तिनं बोट दाखवलं. राखाडी रेघ आता बोटभर लांब होती आणि तिच्या वरच्या टोकाला एक फाटा फुटला होता. रेनोनं वाकून पाहिलं. खिशातून रुमाल काढला, थुंकीनं ओला केला आणि रेघ पुसून टाकली. पांढऱ्यावर किंचित मळकट डाग राहिला. त्यानं सायमीकडे बघितलं, जणू म्हणत होता, संपली तुझी रेघ?

"थांब इथे," सायमी म्हणाली. ती दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. तो बाहेर पडू नये म्हणून. "जाऊ नकोस. बघ जरा."

खाली लाकडं तडतडत होती. दोघं भिंतीकडे बघत राहिले. आधी काही नव्हतं. मग सांध्यात एक काळा ठिपका आला, तो वर सरकला, आणि मग सगळी रेघ होती तिथे होती. रेनोनं पुन्हा पुसली. पुन्हा आली. तिसऱ्या वेळी त्याचा रुमाल भिंतीवरच थांबला.

त्यानं रुमाल खिशात घातला आणि बोटाच्या पेरानं वीट वाजवली. गवंडी वाजवतात तशी. खणखणीत आवाज आला. शेजारची वाजवली. तीही चांगली होती. त्याच्या वरची वाजवली आणि बद्द आवाज आला. त्याच्या वरची, बद्द. सायमीला विटांमधलं काही कळत नव्हतं, पण मडकं घेताना बाई टिचकी मारून बघते तेवढं तिलाही कळत होतं. रेनो भिंतीवर चढत गेला, खुर्चीवर उभा राहिला, बद्द, बद्द, एखादी खणखणीत, पुन्हा बद्द. ज्या विटांनी पन्नास वर्षं आग सोसली होती त्या कितीतरी हिवाळे बर्फाचं पाणी पिऊन आतून उकलल्या होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीला त्यानं स्वतःच्या हातानं खरवडून जागी बसवलं होतं. खुर्चीवरून उतरताना त्यानं पाळण्याची कड धरली. पाळणा हलला, आणि तो सोडायच्याऐवजी रेनोनं दोन्ही हातांनी घट्ट धरून स्थिर केला.

मग तो खाली गेला. लोखंडी बादलीत फावड्यानं जळती लाकडं भरली आणि बाहेर बर्फात नेऊन ओतली. दुसरी बादली. तिसरी. बर्फ चरचरत होता. सायमीनं घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

तेवढ्यात गाडी आली. डेलनं आत पाऊल टाकताच म्हटलं, "बापरे, घर आहे की बर्फाचं कपाट!" डीनाच्या कडेवर मार्नी होती, लाल टोपीत, डोळे मिचकावत. "अय्या, किती सुरेख!" डीना पांढऱ्या फायरप्लेसकडे बघून म्हणाली. "आई, तुम्ही केलंत? पण आग का नाही लावली?"

सायमीनं रेनोकडे बघितलं. रेनोचा चेहरा काजळीनं माखला होता.

"रंग ओला आहे," तो म्हणाला. "वाळू दे जरा."

आत्तापर्यंत सायमी खोटं सोसत आली होती. हे तर लहानसं, मऊ खोटं होतं. बाळ आज खालीच झोपलं असतं, सणाच्या दिवशी कुणाची मान खाली गेली नसती, रेनोनं हळूहळू, आपल्या सवडीनं, काहीतरी कारण काढून धुराडं उतरवलं असतं. ती गप्प बसणारच होती. पण डीनाच्या खांद्यावरून तिला उघड्या खिडकीबाहेर रस्ता दिसत होता. वारा अजून तसाच होता. घराघरांतून धूर निघत होता आणि छपरांवर लोळत होता. माकिनेनकडे. त्याच्या पलीकडे. आणि रस्त्याच्या टोकाला, इम्पीच्या निळ्या दाराच्या घरातून.

"रंग वाळलाय," सायमी म्हणाली. "केव्हाच वाळलाय. धुराडं फुटलंय, डेल. विटा फुटल्यात. याच विटा अर्ध्या गावात आहेत."

डेलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अडकून राहिलं. रेनोनं सायमीकडे बघितलं. ती त्या मिटलेल्या तोंडाची वाट बघत होती. पण रेनोची नजर तिच्यावर थांबलीच नाही. ती खिडकीबाहेर गेली, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली.

"इम्पीला फोन लाव," तो म्हणाला आणि तसाच, मोज्यांवर, दाराबाहेर पडला.

सायमीनं आकडे फिरवले. बोट दोनदा चुकलं. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. मग कुणीतरी उचललं आणि बराच वेळ काही बोललंच नाही.

"इम्पी?"

"कोण... सायमी का?" आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "काय गं. सकाळपासून डोकं धरलंय मेलं. पडले होते जरा, आगीपाशी. उठवतच नाही बघ."

"इम्पी, ऊठ. दार उघड आणि बाहेर जा."

"बर्फ पडतोय बाहेर."

"माहितेय. कोट घेऊ नकोस. तशीच जा."

"रागावलीस ना तू? पाव नेला म्हणून..."

"हो, रागावलेय. खूप रागावलेय! पण तू ऊठ. इम्पे, ऐकतेस ना? पाय खाली टाक. ऊठ, बाई, माझ्यासाठी ऊठ."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी पडलं. मग रिसीव्हरमध्ये काहीच नव्हतं, फक्त लाकडांचं तडतडणं, लांबून, शांत. सायमी नाव घेऊन हाका मारत राहिली. मागे मार्नी रडायला लागली होती आणि डीना तिला छातीशी धरून अंगणात पळाली होती.

धाडकन आवाज झाला. वारा घुसल्याचा आवाज आला. कुणीतरी धापा टाकत, ओल्या मोज्यांनी फरशीवरून धावलं, आणि रेनो बहिणीला नावानं हाक मारत होता, पुन्हापुन्हा, लहानपणी मारत असेल तशी. मग काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज दारापर्यंत गेला.

सायमीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. बऱ्याच वेळानं, वाऱ्याच्या पलीकडून, तिला इम्पीचा खोकला ऐकू आला. ती खोकत होती आणि मध्येच रेनोला शिव्या घालत होती. सायमीनं फोन ठेवला, पुन्हा उचलला आणि माकिनेनचा नंबर फिरवला.